चाकूचा गंज पुसूनही परत येतोय? आधी तो येतो कुठे ते बघा

लक्षण असं. घडीचा चाकू, पातं साध्या पोलादाचं, स्टेनलेस नव्हे. संध्याकाळी घासून लख्ख करायचा, खोबरेलाचं बोट फिरवायचं आणि देवळीत ठेवायचा. सकाळी खिशात. दोन दिवसांत टोकापासून दोन बोटांवर तांबूस पट्टा हजर. पुन्हा घासा, पुन्हा पट्टा. गेल्या फळछाटणीच्या हंगामात हा खेळ माझ्याकडे महिनाभर चालला. पॉलिश पेपर संपला, बायकोची भांडी घासायची तारेची घासणी संपली, पट्टा काही संपला नाही.

आमची द्राक्षाची बाग तासगाव तालुक्यात. चाकू सतत खिशात लागतो. वेली बांधायची सुतळी, ठिबकची लॅटरल नळी, खताच्या पोत्याची शिवण, दुपारी भाकरीबरोबरचा कांदा, सगळं त्याच्यावर. आठवडी बाजारातल्या लोहाराने ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून ठोकून दिलेला आहे. साडेतीन इंची पातं, बाभळीची मूठ, मध्ये एक रिव्हेट. दिसायला ओबडधोबड, पण गेली अकरा वर्षं माझ्याकडे आहे.

पुण्याहून आलेला भाचा बांधावर उभा राहून माझी घासाघास बघत होता. म्हणाला, "मामा, टाका की तो. स्टेनलेसचा घ्या, घासायची कटकटच नाही." त्याचं अगदीच चुकत नव्हतं. पोलादात साधारण साडेदहा टक्के किंवा जास्त क्रोमियम असलं की वर एक अतिसूक्ष्म थर आपोआप धरतो आणि गंज आत शिरत नाही. त्यालाच आपण स्टेनलेस म्हणतो. कमानपाट्यात तेवढं क्रोमियम नसतं. असतो तो कार्बन, साधारण अर्धा-पाऊण टक्का. भट्टीतून लाल काढून बुडवला, म्हणजे पाणी दिलं, की तो कार्बन पोलाद कडक करतो. गंजापासून मात्र वाचवत नाही.

मग ठेवायचा कशाला? माझ्यापुरतं उत्तर कलमाच्या वेळी मिळतं. ऑगस्ट-सप्टेंबरात डॉगरीज जातीच्या द्राक्षवेलाच्या खुंटावर कलम करताना काडीचा काप एका ओढीत आणि काचेसारखा गुळगुळीत यावा लागतो. सालीखालचा हिरवा थर खुंटाच्या थराला टेकला तर डोळा फुटतो. चेचला गेला तर काडी वाळते आणि वर्ष हातचं जातं. साध्या पोलादाला तशी बारीक धार निसण्यावर चार-पाच मिनिटांत येते. निसणा नसेल तर विहिरीच्या कठड्याचा गुळगुळीत दगडही चालतो. चांगल्या स्टेनलेसला धार राहते, नाही असं नाही. पण बाजारात स्वस्तात मिळतं त्याची किनार वळते आणि ती वळलेली कड निघता निघत नाही. भाच्याच्या चाकूने मी एकदा काडी कापून पाहिली. कापली, पण सालीला दशी राहिली.

हे वेड आपल्याकडचंच आहे असंही नाही. फ्रान्सच्या सॅव्होय भागात ओपिनेल १८९० पासून लाकडी मुठीचे घडीचे चाकू बनवतं. स्टेनलेस येऊन किती वर्षं झाली, तरी कार्बनच्या पात्याचा चाकू त्यांनी बंद केलेला नाही. जपानात मिकी गावचा हिगोनोकामी म्हणजे दुमडलेल्या पत्र्याची मूठ आणि एक पातं, बस. तो वापरणाराही रोज पुसतोच.

असो. मुद्दा गंजाचा.

गंज कुठे येतो यावरून तो का येतो ते बरंचसं कळतं, आणि मी नेमकं हेच महिनाभर केलं नाही. पट्टा दिसला की सगळं पातं घासून मोकळा व्हायचो. तुम्ही तसं करू नका. पेपर हातात घ्यायच्या आधी उजेडात धरून नीट बघा. सगळ्या पात्यावर भुरीसारखा पातळ नारिंगी थर असेल तर चाकू ओला राहिलाय किंवा घामाच्या खिशात बसलाय. ते पुसून तेल लावून भागतं. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. उघडताना सांध्यातून तपकिरी पाणी किंवा काळपट चिकटा येत असेल तर रोग सांध्यात आहे, पातं कितीही घासा. आणि डाग एकाच जागी, त्याच मापाचा, पुन्हा पुन्हा उमटत असेल तर त्या जागेला बाहेरून काहीतरी लागतंय. माझा हा तिसरा प्रकार होता.

मी मात्र हवेला दोष देत बसलो होतो. परतीचा पाऊस, दमट हवा वगैरे. तो समज मेढ्याला गेल्यावर गळून पडला. सासुरवाडी जावळीत आहे, महाबळेश्वरच्या पायथ्याला. वर महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. मेढ्यात तेवढा नाही, पण आमच्या तासगावाच्या कितीतरी पट. पावसाळ्यात तिथे उशीला बुरशी येते. सासऱ्यांचा विळा आणि खिशातला चाकू दोन्ही लोहारी, दोन्ही काळेकुळकुळीत, आणि तांबूस डाग औषधालाही नाही. ते फक्त धोतराच्या सोग्याला पुसतात. तेलही कधीतरीच. तेवढ्या ओलीत त्यांचं पोलाद टिकतं आणि आमच्या कोरड्या रानात माझं सडतं, म्हणजे पाणी हे कारण असूच शकत नव्हतं.

परत आल्यावर चाकू लोहाराकडेच नेला. त्याने पट्ट्यावर नख फिरवलं, पातं तिरकं करून उन्हात धरलं आणि म्हणाला, "मालक, ह्ये पान्याचं न्हवं. चाकू कशात बुडीवता?"

"कशातच नाही," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फवारणीच्या ड्रमपाशी उभा होतो आणि हातातला चाकू बोर्डोत बुडालेला होता.

बागायतदारांना हे सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद, तांब्याचा निळा क्षार, आणि चुना. फ्रान्समधल्या बोर्डो भागात मिलार्डे नावाच्या शास्त्रज्ञाने द्राक्षाच्या केवडा रोगावर ते चालतं हे १८८५ मध्ये मांडलं आणि ते गावाच्याच नावाने रूढ झालं. एक टक्क्याचं करायचं तर १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यात वेगवेगळं भिजवायचं आणि मग एकत्र करायचं. चुना जुना किंवा हलका निघाला तर मोकळं तांबं शिल्लक राहतं आणि पानं करपतात. ते तपासायची सगळ्यांना ठाऊक असलेली युक्ती म्हणजे घासलेला लोखंडी चाकू मिश्रणात मिनिटभर धरायचा. पातं तांबूस झालं तर चुना कमी आहे, अजून घाला. नाही झालं तर फवारायला हरकत नाही. माझ्या वडिलांनी हे असंच केलं, मीही असंच करत आलोय. हात आपोआप खिशात जातो, चाकू आपोआप उघडतो. बुडवतोय हे लक्षातच येत नाही. म्हणून लोहाराला मी जे सांगितलं ते खोटं होतं, पण ते मलाही माहीत नव्हतं.

त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. मिश्रणातून काढल्यावर टोकाकडच्या दोन बोटांना फिका गुलाबी रंग चढला होता, नव्या पैशासारखा. तो गंज नव्हे, ते तांबं. लोखंड पाण्यात उतरतं आणि मोरचुदातलं तांबं त्याच्या जागी पात्यावर बसतं. मी नेहमीप्रमाणे चुना वाढवला, पातं विजारीला पुसलं आणि घडी घालून खिशात टाकलं. पुसल्याने वरचं तांबं जातं. बारीक खळग्यांतलं जात नाही. मग लोखंडाला चिकटलेलं तांबं आणि थोडी ओल, एवढ्यावर तिथे चिमुकली बॅटरीच सुरू होते. तांबं शाबूत राहतं, शेजारचं लोखंड झिजतं. मी वरचा गंज घासायचो, खालचं तांबं तसंच. दोन दिवसांत पट्टा परत येणार नाही तर काय होणार? बरं, फवारणी दर चार-आठ दिवसांनी, म्हणजे मी घासायचा थांबलो असतो तरी ताजं तांबं चढतच होतं.

गंमत अशी की ही तपासणी होते ती चाकू साध्या पोलादाचा असतो म्हणून. भाचा अजून इथेच होता. त्याचा स्टेनलेस आणि एक घासलेला खिळा, दोन्ही चुना कमी असलेल्या मिश्रणात एकदम धरले. खिळा गुलाबी झाला, स्टेनलेस जसंच्या तसं चकचकीत. त्याच्या भरवशावर फवारणी केली असती तर पानं करपली असती. भाचा काही बोलला नाही, चाकू धुऊन खिशात ठेवला.

आता दुरुस्ती.

पहिलं काम म्हणजे चाकू बुडवणं बंद. चार इंची खिळा घासून ड्रमच्या कडीला तारेने बांधून टाकलाय. लिटमस पेपर मिळत असेल तर तोही ठेवा. हे केल्याशिवाय पुढचं सगळं फुकट आहे.

मग पट्टा मुळासकट काढायचा. तारेची घासणी नको, ती ओरखडे पाडते आणि ओरखड्यात पुन्हा ओल धरते. ६०० नंबरचा वॉटर पेपर एका सपाट लाकडावर गुंडाळा, तेलाचा थेंब टाका आणि पात्याच्या लांबीने फिरवा. आडवा नको, गोल गोल तर नकोच. मग १००० नंबर. तांबं गेलं की नाही ते डोळ्यांनी नक्की कळत नाही. त्याला मी एक उपाय काढला. पातं साबणाने धुऊन ओल्या कागदावर अर्धा तास आडवं ठेवायचं, मग दुसरी बाजू. जिथे खळगा उरलाय तिथे कागदावर तांबूस ठिपका उमटतो. माझ्या पात्याने तीन ठिपके दिले, तीनही टोकाकडे. तेवढीच जागा पुन्हा घासली. दुसऱ्या वेळी एकच आला, तिसऱ्या वेळी कागद कोरा.

चिंचेच्या पाण्याची युक्ती बरेच जण सांगतात. गंज निघतो, खोटं नाही. पण मी एकदा रात्रभर ठेवून विसरलो. सकाळी पातं राखाडी, धारेला सुईने टोचल्यासारखे खळगे. आम्ल गंजावर थांबत नाही, चांगलं पोलादही खातं. दहा मिनिटं, त्यावर एक मिनिट नाही, आणि नंतर खायच्या सोड्याने धुणं.

यानंतर बहुतेक जण चुकतात ती पायरी. पातं आरशासारखं झालेलं असतं आणि ते तसंच ठेवावंसं वाटतं. ठेवू नका. सासऱ्यांचा चाकू टिकतो तो काळा आहे म्हणून. लाल गंज सुटा, पापुद्रे निघणारा असतो, त्याच्याखाली गंज वाढत राहतो. काळा थर घट्ट बसतो आणि लाल गंजाला अटकाव करतो. चिलखत नव्हे तो, ओला ठेवलात तर त्यावरही गंज येईल, पण दोन दिवसांत नाही. घरातली विळी आठवा. आजीच्या विळीचं पातं कधी चमकलेलं पाहिलंय? कांदा, कैरी, केळफूल चिरून चिरून ते काळं व्हायचं, आणि ती वापरून झाली की लगेच पुसून भिंतीला पालथी टेकवायची. अडकित्त्याचंही तेच, सुपारीने काळा होतो.

तो काळेपणा यायला वर्षं लागतात. घाई असेल तर दाट कोरा चहा करा. एका ग्लासाला चार चमचे पावडर, चांगला उकळून, गाळून, कोमट होऊ द्या, वर दोन चमचे व्हिनेगर. पातं भांड्याच्या साबणाने धुऊन अजिबात तेलकट न ठेवता त्यात उभं करा. सांधा बुडता कामा नये, म्हणून ग्लास अर्धाच भरा. दीड-दोन तासांत पातं निळसर काळं होतं. चहातलं टॅनिन लोखंडाला धरतं. हिरडा आणि हिराकस एकत्र करून पूर्वी शाई करायचे, त्यातलं काळं आणि हे काळं एकाच जातीचं. काढल्यावर धुवा, सोडा चोळा, पुसा, तेल लावा. पहिल्यांदा माझ्या पात्यावर बोटाचा ठसा पांढरा राहिला, कारण धुतल्यावर मी तिथेच धरलं होतं. तो अजून आहे.

सांध्याचं वेगळं प्रकरण. पट्टा गेल्यावर मला दिसलं की चाकू उघडायलाही जड झालाय. कारण मीच. खोबरेल थंडीत थिजतं म्हणून मध्ये वर्षभर करडईचं तेल वापरलं. करडई, जवस ही तेलं हवेत सुकून चिकट होतात, कढईच्या बाहेरच्या बाजूचा चिकटा आठवा. त्या चिकट्यात खिशातला कचरा रुतून बसला. मुठीच्या खाचेतून दाभणाने ओढल्यावर बाहेर आली ती नमद्यासारखी घट्ट गुंडी. विजारीचे धागे, सुतळीचा भुसा आणि शेंगदाण्याची लालसर सालं. खारे शेंगदाणे. चाकू आणि दाणे एकाच खिशात! मीठ हवेतली ओल ओढतं आणि ही गुंडी बरोबर पात्याच्या धारेला टेकून बसलेली. टोकाचा पट्टा बोर्डोचा होता, पण धारेवरचे बारीक डाग मी इतके दिवस त्याच खात्यात मांडत होतो.

तेव्हा खाच महिन्यातून एकदा काडीने कोरा. सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, आठ-दहा वेळा उघडमीट, बाहेर आलेलं काळं पुसून दुसरा थेंब. पात्याला मात्र हे तेल नको, त्याच पात्याने कांदा चिरायचाय. पात्याला खोबरेल, किंवा मेडिकलमध्ये मिळणारं लिक्विड पॅराफिन. ते ना थिजतं ना चिकटतं. थेंबभर पुरतं, बोटावर घेऊन दोन्ही बाजूंना ओढायचं. तेल ओघळत असेल तर धूळ धरेल. ज्यांचा चाकू घडीचा नाही त्यांनी चामड्याच्या म्यानात घालून ठेवून देऊ नये. चामडं ओल धरतं आणि कमावतानाची क्षारं त्यात राहिलेली असतात.

कलमाचा चाकू असेल तर आणखी एक शत्रू आहे. रोग पसरू नये म्हणून कात्र्या हायपोक्लोराइटमध्ये बुडवायची पद्धत आहे. त्यातला क्लोरीन साध्या पोलादाला तासाभरात डाग पाडतो. मी आता सर्जिकल स्पिरिटचा बोळा वापरतो. स्पिरिट उडून जातं, मागे काही उरत नाही. मात्र स्पिरिट तेलही काढतं, म्हणून काम झालं की परत तेल.

वाळवायला गॅसवर धरणारेही आहेत. नका करू. पात्याला दिलेलं पाणी साधारण दोनशे अंशांच्या पुढे उतरायला लागतं आणि पातळ टोक गॅसवर तेवढं तापायला फार वेळ लागत नाही. ग्राइंडरवर धार लावणाऱ्याकडेही हाच धोका. धारेजवळ निळा डाग दिसला की तिथलं पाणी उतरलं असं समजा. ती जागा नंतर लवकर बोथट होते, मग कितीही निसा. चहाचा काळा डाग आणि उष्णतेचा निळा डाग यांची गल्लत करू नका. पहिला पुसट, पसरलेला असतो. दुसऱ्याला इंद्रधनुष्यासारखी कड असते, आधी पिवळी, मग जांभळी, मग निळी. अशी जागा आली तर लोहाराकडे जा, घरी इलाज नाही.

धार बोथट वाटते म्हणून कुणी लगेच दगडावर घालतो. आधी चामड्याच्या जुन्या पट्ट्यावर दहा वेळा उलटी ओढून बघा. गंज धारेच्या अगदी कडेलाच आधी खातो आणि रात्रीतून धार गेल्यासारखी वाटते, ती पुष्कळदा पट्ट्यावरच परत येते. उगाच पोलाद झिजवायला नको.

एक गोष्ट जाता जाता, कारण भाच्याने विचारलं होतं. २०१६ च्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू धारदार शस्त्रांत मोडतात, शेतीची आणि घरगुती हत्यारं वगळून. आपलं पातं त्याच्या कितीतरी आत. तरी निवडणुकीत, उत्सवात जिल्ह्यात शस्त्रबंदीचा आदेश निघतो, तेव्हा चाकू घरी ठेवलेला बरा. विमानात हातातल्या बॅगेत तर चालतच नाही. मी एकदा विसरलो होतो आणि तपासणीतून मागे फिरून भाच्याकडे देऊन आलो.

खरडछाटणी होऊन गेली, पुढची फळछाटणी तोंडावर आहे. चाकू काळा आहे, पट्टा आलेला नाही. ड्रमच्या कडीचा खिळा मात्र बघवत नाही इतका गंजलाय. फवारणीच्या आदल्या संध्याकाळी आता तो घासावा लागतो.